पावती दाखव

आमच्या घरी पाडवा कधीही येवो, नवं वर्ष सुरू व्हायचं १ एप्रिलला. बाबा राज्य सरकारच्या एका खात्यात अकाउंट्सला होते. २०११ साली ते निवृत्त झाले, पण त्यांचं आर्थिक वर्ष काही निवृत्त झालं नाही. मार्च संपत आला की राजेंद्रनगरहून राजवाड्याला जायचं, नेहमीच्या दुकानातून लाल कापडी पाठीची लांबट वही आणायची आणि पहिल्या पानावर 'श्री' काढून मागची शिल्लक पुढे ओढायची. रोज रात्री जेवणानंतर दिवसाचा हिशेब. दूध, भाजी, रिक्षा, रविवारचे पोहे-जिलेबी, देवापुढे ठेवलेले अकरा रुपये. महिना संपला की जमा-खर्चाची बेरीज, पाकिटातले पैसे मोजणं आणि खाली हिरव्या शाईत एकच शब्द : 'जुळलं'. हिरवी शाई का, तर ऑफिसात मोठ्या साहेबाची सही हिरव्या शाईत असायची. घरात मोठे साहेब तेच.

लहानपणी मला त्यांच्या एका वाक्याची धास्ती होती. शाळेची फी भरून आलो, वाचनालयाची वर्गणी भरून आलो, की ते हात पुढे करायचे. "पावती दाखव." "बाबा, भरली ना!" "तोंडी भरलेलं चालत नाही. पावती दाखव."

आणि म्हणूनच २०२२ साली बाबा म्हणाले, "लाइट बिल भरलंय," तेव्हा पावती मागायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही. त्यांच्याकडे पावती मागणार कोण?

मी इंदूरमध्येच नोकरी करतो, याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. हे मुद्दाम सांगतोय. आपल्यातले बरेच जण पुण्याला, बंगळुरूला, परदेशात आहेत आणि त्यांना वाटतं की आपण जवळ असतो तर वेळीच लक्षात आलं असतं. मी जवळ होतो. रोज सकाळी त्यांच्यासोबत चहा घेत होतो. मला तीन वर्षं कळलं नाही.

कळण्यासारखं पुष्कळ होतं. एकदा दूधवाला दारात उभा राहून मला म्हणाला, "भैया, बाबूजी ने इस महीने का पैसा दो बार दे दिया." नोटा परत देऊन गेला. भला माणूस. आम्ही हसलो. एकदा वीज कंपनीचा माणूस जोडणी तोडायला आला, दोन महिन्यांचं बिल थकलं होतं म्हणून. तेव्हाही बाबा म्हणाले की ऑनलाइनची काहीतरी गडबड असणार, आणि मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ते लगेच पटलं. ऑनलाइन गडबडी करून निस्तरण्यातच माझा दिवस जातो.

मार्च २०२५मध्ये घरपट्टी भरायची म्हणून जुनी पावती शोधायला मी त्यांचं कपाट उघडलं. फायलींच्या मागे एका विमा पॉलिसीचं जाड पाकीट होतं. वर्षाला १ लाख रुपये हप्ता, दहा वर्षं. पॉलिसी निघाली होती नोव्हेंबर २०२४मध्ये, म्हणजे हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत गेले होते तेव्हा. त्याच सुमारास त्यांची एक मुदत ठेव पिकली होती. बाबा तेव्हा ७३ वर्षांचे. शेवटचा हप्ता भरताना ते ८२ वर्षांचे असणार होते.

"बाबा, हे काय आहे?"

"एफडी आहे ती."

"एफडी नाही, पॉलिसी आहे. दरवर्षी लाख रुपये भरायचेत."

"छे रे. ती मुलगी म्हणाली ना, एफडीच आहे, व्याज जास्त मिळतं. फार अदबीनं बोलत होती."

आता, बँकेच्या काउंटरवर ठेवीच्या नावाखाली विमा गळ्यात पडणं ही काही फक्त म्हाताऱ्यांची गोष्ट नाही. माझ्या ऑफिसातल्या दोन शहाण्यासुरत्या मित्रांच्या गळ्यात पडलाय. त्यामुळे ते फसले याची मला तेवढी भीती वाटली नाही. भीती वाटली ती नंतर, वही उघडल्यावर. त्या तारखेच्या पानावर 'कोथिंबीर ५' होतं, 'रिक्षा ४०' होतं. लाख रुपये नव्हते.

त्या रात्री मी माळ्यावरच्या सगळ्या वह्या खाली काढल्या. आमच्या धंद्यात सिस्टीम बंद पडली की आधी लॉग वाचायचे असतात. शेवटच्या चुकीपासून मागे मागे जायचं, पहिली चूक सापडेपर्यंत. तसाच बसलो. २०२४च्या वहीत एकच दिवस दोनदा लिहिलेला होता, शब्दाला शब्द तोच. २०२३मध्ये बेरजा बरोबर होत्या, पण चार महिने शिल्लक पुढे ओढलेलीच नव्हती. २०२२मध्ये पेन्शन एकदा खर्चाच्या बाजूला पडली होती, मग खोडून जमेला घेतलेली. असं करत करत मी जुलै २०२०च्या पानावर पोचलो. बेरीज होती, शिल्लक होती, खाली जागा कोरी होती. 'जुळलं' नव्हतं. त्याआधीच्या कुठल्याही वहीत एकही महिना तसा सापडला नाही.

मी नंतर वाचलं की अमेरिकेत लॉरेन निकोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकट्या राहणाऱ्या ८० हजारांहून जास्त वृद्धांच्या वैद्यकीय नोंदी त्यांच्या कर्जफेडीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या होत्या. हा अभ्यास २०२०मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. ज्यांना पुढे डिमेन्शियाचं निदान झालं, त्यांच्यात बिलं चुकण्याचं प्रमाण निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच वाढू लागलं होतं. डॉक्टरच्या आधी बिलांना कळलेलं असतं. आमच्याकडे तर बिलांच्याही आधी वहीला कळलं होतं. फक्त ती वही आम्ही कुणी कधी उघडत नव्हतो, कारण बाबांची वही बघणं म्हणजे बाबांवर अविश्वास दाखवणं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जायला बाबा सहज तयार झाले, मी 'रूटीन चेकअप' असं खोटं सांगितलं म्हणून. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेमुळेही असं होतं आणि ते औषधानं सुधारतं. मग एमआरआय. मग समोर बसवून प्रश्न.

"सौ में से सात घटाते जाइए."

बाबांनी चष्मा सारखा केला. "तिरानवे, छियासी, उन्यासी, बहत्तर, पैंसठ..." डॉक्टर "बस, बस" म्हणाले तरी ते थांबले नाहीत. अट्ठावन, इक्यावन करत पार तळापर्यंत गेले आणि म्हणाले, "दो बाकी." मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ उठलोच. काही झालेलं नाही यांना!

मग डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द विचारले. बाबांना दोन आठवले. घड्याळाचं चित्र काढताना अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. त्यांनी एक काटा अकरावर ठेवला आणि दुसरा दहावर. मग डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, गेल्या महिन्यात घरात सगळ्यात मोठा खर्च कोणता झाला? बाबा हसले. "खर्च तो होते रहते हैं, साहब."

निदान झालं एमसीआय, म्हणजे स्मृती आणि आकलनात वयाच्या मानानं जास्त घट, पण रोजची कामं अजून स्वतःची स्वतः करता येतात अशी अवस्था. प्रत्येकाचा त्यातून डिमेन्शिया होतोच असं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. वजाबाकीचं कोडंही त्यांनीच उलगडलं. पाढे, वजाबाकी, नोटा मोजणं ही आयुष्यभर घोटलेली कामं. ती खोल मुरलेली असतात, उशिरा जातात. आधी जातं ते अनेक गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून निर्णय घेणं : कुठलं बिल आधी, ही ठेव मोडावी का, समोरचा गोड बोलतोय त्यात त्याचा काय फायदा आहे. अलाबामा विद्यापीठातले डॅनियल मार्सन यांनी पैशाचे व्यवहार सांभाळण्याची क्षमता मोजायची एक चाचणीच तयार केली होती, ती २०००मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कामातूनही हेच दिसलं. सुरुवातीच्या काळात माणूस सुटे पैसे बरोबर मोजतो आणि बँकेच्या स्टेटमेंटपाशी अडखळतो. आणि आपण घरचे लोक नेमके सुटे पैसेच बघत असतो. भाजीवाल्याकडे हिशेब बरोबर केला की म्हणतो, बाबांचं डोकं अजून कसं तल्लख आहे बघा.

त्या संध्याकाळी आईनं सांगितलं की तिला माहीत होतं. दोन वर्षांपासून. थकलेलं बिल ती शेजारच्या मुलाकडून गुपचूप भरून घ्यायची. किराण्याचे पैसे बाबांकडून दोनदा घेतले गेले तर दुसरे डब्यात ठेवून महिनाअखेर त्यांच्या पाकिटात घालायची, म्हणजे शिल्लक जुळावी. मी चिडलो. "आई, तू बोलली का नाहीस?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर तू त्यांच्या हातातून सगळं काढून घेतलं असतंस."

मी तेच केलं. पुढच्याच रविवारी.

मला तेव्हा ते फार जबाबदारीचं वाटलं. नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला, यूपीआय त्यांच्या फोनवरून काढलं, डेबिट कार्ड माझ्याकडे घेतलं, चेकबुक कुलपात ठेवलं, बिलं ऑटो-पेवर टाकली. ऑफिसात कुणाचं खातं धोक्यात आलं की आधी सगळे अधिकार काढून घ्यायचे असतात, चौकशी नंतर. दोन तासांत काम फत्ते. बाबा समोर बसून होते. काही बोलले नाहीत. त्या रात्री वही उघडली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटले एकदाचे.

चौथ्या दिवशी ते नेहमीच्या किराणा दुकानात गेले. साखर, शेंगदाणे, अगरबत्ती. पाकीट काढलं तर त्यात वीस रुपये. दुकानदार ओळखीचा, तो म्हणाला, "काका, बाद में दे देना." बाबांनी पिशवी काउंटरवरच ठेवली आणि घरी आले. या माणसानं आयुष्यात कधी उधार केलं नव्हतं. वीस वर्षांच्या ओळखीच्या दुकानात त्या दिवशी त्यांना उधार देऊ केलं गेलं, आणि ते माझ्यामुळे. हे मला दुकानदाराच्या मुलानं सांगितलं, पिशवी घेऊन आला तेव्हा. बाबांनी घरात अवाक्षर काढलं नाही. फक्त आईला म्हणाले होते, "आता मी कशाला जाऊ बाजारात."

त्यानंतर मला जे सुचलं ते खरं तर त्यांच्याच ऑफिसातलं होतं. लहानपणी ते सांगायचे, सरकारी पैशात बिल बनवणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा. कितीही विश्वासाचा माणूस असला तरी दोन सह्या. आमच्या बँकिंग सॉफ्टवेअरमध्येही हेच असतं, मेकर आणि चेकर. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. मी बनवणारा आणि पास करणारा दोन्ही मीच झालो. ऑडिटमध्ये चालेल का हे?"

बराच वेळ ते पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अजिबात नाही."

तेव्हापासून असं चाललंय. दर सोमवारी त्यांच्या पाकिटात दोन हजार रुपये, शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा. ते त्यांचे, त्याचा जाब नाही. त्यांच्या एकट्याच्या नावावर एक छोटं खातं आहे, त्यात दहा हजारांच्या आसपास. कार्डही आहे, पण ऑनलाइन व्यवहार बंद आणि एटीएमची मर्यादा कमी केलेली. हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये आपल्यालाच करता येतं. बिलं मी भरतो, पण वहीत नोंद ते करतात आणि महिनाअखेर आम्ही दोघं बसतो. मोठी रक्कम हलवायची तर आई, ताई आणि मी, तिघांना आधी कळलं पाहिजे. अनोळखी फोनवर पैशाचा विषय निघाला की 'मुलाशी बोला' एवढंच म्हणून ठेवून द्यायचा, हे मोठ्या अक्षरात फोनशेजारी लिहिलंय. खाली १९३०, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर. तो आईसाठी आहे. आईनं ७० वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा चेकवर सही केली, गेल्या मे महिन्यात. थोडी वाकडी आली, पण बँकेनं घेतली.

कागदपत्रांत मात्र मी दमलो. माझी समजूत होती की मुखत्यारपत्र करून घेतलं की काम झालं. वकिलांनी समजावलं की आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की ते मुखत्यारपत्रच संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवायचं, त्याच दिवशी ते निरुपयोगी. मग पालक नेमून घेण्यासाठी बहुतेकदा उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यामुळे जे करायचं ते बाबांना समजतंय तोवरच, त्यांच्या संमतीनं. निदान झालं म्हणून सही करायचा हक्क जात नाही. आम्ही डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतलं, की व्यवहार काय आहे ते त्यांना कळतंय, आणि मगच पुढचं केलं. पेन्शनचं खातं आईबरोबर संयुक्त केलं, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. मृत्युपत्र झालं, दोन साक्षीदार बाहेरचे. ठेवींवर माझं नाव जोडायचं ठरलं आणि तिथे बडोद्याहून ताईचा फोन आला.

"तुझंच नाव का?"

मी तिच्यावर रागावलो, हे कबूल करतो. मी इथे डॉक्टर, बँक, वकील करतोय आणि हिला नावाचं पडलंय. दोन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. मग एका रात्री वाटलं, ही तेच विचारतेय जे बाबांनी विचारलं असतं. पावती दाखव. आता दर महिन्याला स्टेटमेंटचा आणि वहीच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो. १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह ठेवता येतात, ते निघाल्यावर आम्ही दोघांची नावं निम्मी-निम्मी घातली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून पैसे स्वीकारणारा, खरी वाटणी मृत्युपत्राप्रमाणे, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. पण नाव असलं की बरं वाटतं, त्यात काय चुकलं? ताई आता त्या फोटोंमधल्या चुका काढते. एकदा तर तिनं विचारलं, रविवारी पोहे-जिलेबीचे १८० कसे झाले, घरात माणसं किती?

त्या पॉलिसीचं अजून भिजत घोंगडं आहे. नवी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. ती मुदत आम्हाला कळायच्या आत उलटून गेली होती. कंपनीकडे तक्रार केली, उत्तर आलं की ग्राहकानं सर्व वाचून सही केली आहे. आता प्रकरण भोपाळला विमा लोकपालांकडे आहे. बाबांना ते आठवत नाही. मीही आठवण करून देत नाही. तेवढी एक नोंद आम्ही वहीबाहेर ठेवली आहे.

वहीत अजूनही चुका असतात. कधी एखादा दिवस गळतो, कधी दोनदा येतो. मी पेन्सिलीनं बारीक खूण करतो, ते बघतात, "हो, हो" म्हणून सुधारतात. शिल्लक कधी मला जुळवून द्यावी लागते. हिरव्या शाईचं पेन मात्र मी हातात घेत नाही.

परवा रात्री त्यांनी विचारलं, लाइट बिल भरलं का. मी म्हटलं, भरलं. पंधरा मिनिटांनी परत विचारलं. मी परत म्हटलं, भरलं बाबा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी लॅपटॉपवर होतो, जरा चढ्या आवाजात बोललो असेन.

त्यांनी हात पुढे केला. "पावती दाखव."

मी फोनवर दाखवली. त्यांनी चष्मा वर सारून बघितली आणि म्हणाले, "ही कसली पावती? कागद कुठाय?" मी वर गेलो, प्रिंट काढून आणली. त्यांनी ती आधी तारीख, मग रक्कम, मग नाव अशी वाचली, पंचनं दोन भोकं पाडली आणि फायलीत लावली.